नांदरुकावरचा मावा

संगमनेरच्या आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राची आणि वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा शेजारी शेजारी होती. मधल्या भिंतीला एक दार होतं. त्या दारातून माधुरी खरात हातात एखादी डहाळी घेऊन यायची आणि विचारायची, "दीपाताई, हे झाड कोणतं?" झाडाचं नाव मी सांगायचे. पानाच्या मागच्या बाजूला काय बसलंय, ते ती सांगायची. ती प्रयोग शिकवायला लागली त्या वर्षापासून, म्हणजे त्र्याण्णवपासून, आमचं हे असं चाललं.

पानामागे बहुतेक वेळा मावा असायचा. शेतकरी ज्वारीवरच्या, कापसावरच्या, पेरूवरच्या, सगळ्याच बारीक चिकट किड्यांना मावा म्हणतात आणि त्यांचं त्यात काही अडत नाही. माधुरीचं अडायचं. पीएच.डी.च्या प्रबंधासाठी ती फक्त झाडांवर राहणाऱ्या एका प्रजातीच्या मागे लागली होती. ग्रीनिडिया असं त्या प्रजातीचं नाव. तिळाएवढा, पेरूसारख्या घाटाचा, तपकिरी किडा. त्याच्या पाठीमागे दोन लांब, बाहेर वळलेल्या नळ्या असतात आणि त्या नळ्यांवर दाट केस. इतर माव्यांना अशा केसाळ नळ्या सहसा नसतात. या प्रजातीला स्वतंत्र कूळ द्यायचं की मोठ्या कुळातली एक शाखा मानायचं, यावरून जाणत्यांमध्ये वाद होता. आत किती जाती, हाही वादच. कुणी नळ्यांच्या बुडाशी जाळी आहे का ते बघायचं, कुणी सोंडेच्या शेवटच्या पेराची लांबी मोजायचं, कुणी केस मोजायचं. माधुरी तिन्ही करायची. किडा क्षारात उकळायची, मद्यार्कातून फिरवायची, लवंगेच्या तेलात ठेवायची आणि कॅनडा बाल्सम नावाच्या पारदर्शक डिंकाच्या थेंबात काचेवर बसवायची. एवढं झाल्यावर तो पारदर्शक होऊन सूक्ष्मदर्शकाखाली एखाद्या नकाशासारखा पसरायचा.

ती राहात्याकडची. तिचे वडील सहादू खरात आयुष्यभर पेरूच्या बागांमध्ये औषध फवारत आले होते. पाठीवर पंप, तोंडाला उपरण्याचा बोळा, बस. मावा पडला की सहादूला बोलवा, असं त्या शिवारात होतं. म्हणजे बाप ज्याला मारत होता, त्याचीच मुलगी नाव-गाव शोधत होती. यावरून घरी हसणं चालायचं. नोकरी लागल्यावर माधुरीने पहिली गोष्ट केली ती ही, की वडिलांना पंप सोडायला लावला. औषधाने काय होतं, ते ती पुस्तकात वाचून आली होती. सहादूंनीही फार ओढाताण केली नाही. गावातले पेरूचे बागाईतदार आबासाहेब, त्यांच्या बागेत पाणी धरायचं आणि राखणीचं काम त्यांनी घेतलं.

एकदा डोळे तपासायला ते संगमनेरला आले होते, तेव्हा माधुरीने त्यांना सूक्ष्मदर्शकाजवळ बसवलं. मी शेजारीच होते. बराच वेळ एक डोळा मिटून ते बघत राहिले.

"हे मी मारत हुतो?" ते म्हणाले.

माधुरी म्हणाली, "व्हय दादा." वडिलांना ती दादा म्हणायची आणि घरच्यांशी बोलताना तिची भाषा आपोआप गावची व्हायची. पुढे तिने त्यांना दुसरी काच दाखवली आणि सांगितलं की ही जात वेगळी, ती वेगळी.

सहादूंनी मान वर केली. "किड्यातबी जाती हायेत? आपन सोडली, आन तू किड्यात शोधाय लागली." असं म्हणून ते एवढे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आम्हीही हसलो. खरातांच्या घरात छप्पन्न सालानंतरच्या बौद्ध दीक्षेची गोष्ट सहादू अशी सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं ती कालच घडली.

पंचाण्णवच्या हिवाळ्यात माधुरीला आबासाहेबांच्या बागेत एक वेगळीच कीड सापडली. बागेच्या बांधावर, विहिरीला लागून, नांदरुकाचं, म्हणजे वडाच्या भावकीतलं, मोठं झाड होतं. त्याच्या कोवळ्या फुटीवर ग्रीनिडिया होता, पण तो पेरूवरच्यासारखा नव्हता. पुस्तकात उंबर-नांदरुकाच्या जातीचं जे वर्णन होतं त्यातही तो बसेना. सोंडेचं शेवटचं पेर लांब, नळ्यांवरचे केस टोकाला फुटलेले, रंग काळपट. तिने मला ती काच दाखवली तेव्हा मला काहीच कळलं नाही, पण तिचा आवाज बदलला होता तेवढं कळलं. "ताई, ही तिसरीच कुणीतरी आहे," ती म्हणाली. तालुक्यातली दुसरी नांदरुकं तिने पालथी घातली. दुसरीकडे कुठेही ती सापडली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पुण्याला एका चर्चासत्राला कोलकात्याचे एक वृद्ध प्राध्यापक आले होते. मावा या विषयात त्यांचा शब्द शेवटचा समजत. माधुरी काचांची पेटी मांडीवर ठेवून एसटीने गेली. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत तिच्या काचा बघितल्या, आणि त्यांचं जेवण राहून गेलं. मग त्यांनी सांगितलं की हे वेगळं दिसतंय खरं. पण या प्रजातीतल्या माद्या वर्षभर नराशिवाय पिल्लं घालतात, आणि झाड बदललं, थंडी-ऊन बदललं की त्यांचं रूपही बदलतं, त्यामुळे एवढ्यावर नाव देता येणार नाही. कडाक्याच्या थंडीत कधीतरी नर आणि अंडी घालणारी मादी निघते. त्यांच्यावरून जात ठरवता येते; ती दोन्ही मिळवून आण, मग बोलू. दोन काचा त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतल्या.

त्यानंतर माधुरी हिवाळ्याची वाट बघत राहिली.

हिवाळा म्हणजे पेरूचाही हंगाम. मृगाचा बहार तेव्हा उतरतो. शहाण्णवच्या दिवाळीनंतर आबासाहेबांच्या बागेत मावा पडला. मावा पानांवर चिकटा सोडतो, त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते, आणि पिवळं फळ काजळी लागल्यासारखं दिसतं. असं फळ व्यापारी हातात धरत नाही. आबासाहेबांनी बाग फवारायला काढली, आणि बांधावरचं नांदरूकही धुऊन घ्या म्हणाले. कीड तिथूनच येते असा त्यांचा कयास होता.

माधुरी त्या रविवारी गावीच होती. ती त्यांच्याकडे गेली. आबासाहेब भले गृहस्थ, शिकणाऱ्या पोरांचं त्यांना कौतुक. त्यांनी तिला ओट्यावर बसवलं, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. तिने सांगितलं की सबंध तालुक्यात हा मावा ह्या एकाच झाडावर आहे, थंडीभर ते तसंच राहू द्या. आबासाहेबांनी विचारलं, "ह्या झाडावरचा मावा माझ्या पेरूवर येनार न्हाई, असं तुजं म्हननं हाय का?"

ती क्षणभर थांबली, असं तिने मला नंतर सांगितलं. मग म्हणाली, "तो वेगळा हाय, आबा. पेरूवर तो जगनार न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे झाड," आबासाहेब म्हणाले. सहादू दाराशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

बोलून आली खरी, पण तिच्या मनाला ते लागून राहिलं. स्वतःचा शब्द स्वतःच तपासायचा म्हणून आमच्या विभागाच्या मागे कुंडीत पेरूचं रोप होतं, त्यावर तिने नांदरुकावरच्या पंधरा-वीस माद्या सोडल्या आणि वरून बारीक मलमलीची जाळी बांधली. त्या मेल्या तर तिचं म्हणणं खरं. बहुतेक मेल्याही. पण काही तगल्या, आणि त्यांना पिल्लं झाली. पिल्लांनाही पिल्लं झाली. डिसेंबर संपता संपता तिने त्यांतल्या काहींच्या काचा केल्या, आणि दुपारी मधल्या दारातून माझ्याकडे आली. हातात डहाळी नव्हती.

"सोंड आखूड झालीय," ती म्हणाली. "केस पेरूवरच्यासारखे आहेत."

मला चटकन अर्थ लागला नाही. तिने सांगितला. एक तर तिची तिसरी जात जातच नव्हती, पेरूवरचाच मावा नांदरुकावर जाऊन तसा दिसत होता. किंवा मग कुठूनतरी पेरूवरचा पंखांचा मावा कुंडीत शिरला होता. आम्ही दोघी मागे गेलो. जाळी सोडून पाहिली तर बुडाशी, सुतळी बांधली होती तिथे, मलमल उसवलेली होती. करंगळी जाईल एवढं भोक. ते आधीपासून होतं की आता आमच्याच हाताने फाटलं, ते आम्हा दोघींनाही सांगता येईना. वसतिगृहाच्या मागे पेरूची दोन झाडं होती, आणि त्यांच्यावर मावा होताच.

"परत लावू," मी म्हटलं.

"लावू," ती म्हणाली. पण ती जागची हलली नाही. बराच वेळ त्या भोकात बोट घालून बसून राहिली.

त्याच सुमारास बागेत चिकटा परत दिसायला लागला. फवारणी होऊन महिना उलटला होता. नांदरुकाच्या बाजूच्या ओळींत जास्त, असं आबासाहेबांचं म्हणणं. पण त्याच बाजूला शेजाऱ्याचीही बाग होती आणि ती फवारलेली नव्हती. माधुरीला हे कळलं तशी ती गावी गेली आणि सरळ आबासाहेबांना भेटली. कुंडीची गोष्ट तिने लपवली नाही. मी चुकले असेन, असं सांगितलं. आबासाहेब चिडले नाहीत. ते एवढंच म्हणाले की बाग काळी पडायला लागली, आता झाड न फवारता ठेवता यायचं नाही.

तिथून ती नांदरुकाखाली गेली. फांदी वाकवून भिंगातून बघितलं, तर कोवळ्या शेंड्यावर काही पिल्लांच्या खांद्यांवर पंखांचे फुगवटे दिसत होते. पंख नरांना असतात, कधी कधी माद्यांनाही; तेव्हा ते नर असू शकले असते. नसूही शकले असते. ते मोठे व्हायला अजून थोडे दिवस हवे होते, आणि तोडलेल्या डहाळीवर ते तेवढे जगले नसते. ती परत आबासाहेबांकडे गेली. पुढच्या रविवारपर्यंत थांबा, एवढंच मागितलं. त्यांनी मान हलवली. ते हो म्हणाले की बघू म्हणाले, हे तिला शेवटपर्यंत नीट आठवलं नाही.

आबासाहेबांकडे फवारणीला येणारा गडी त्या वेळी बायकोपोरांसह ऊसतोडीला गेला होता. दुसरा मिळत नव्हता. आठवड्याच्या मध्यावर सहादूंनी गोठ्यातला जुना पंप काढला, लांब बांबूला नळी बांधली, आणि कुणाला न विचारता नांदरुकाला औषध मारलं. आधी पेरूच्या दोन-चार ओळी मारल्या, मग झाड. पेरूची झाडं छातीएवढी, त्यांना औषध खाली मारता येतं. नांदरूक उंच. मान वर करून मारायचं म्हणजे जेवढं वर जातं तेवढंच धुक्यासारखं खाली येतं. सहादूंनी ते सगळं अंगावर घेतलं. काम संपवून विहिरीवर हातपाय धुतले, घरी आले आणि भाकरी नको म्हणाले. भागिरथीबाईंना, म्हणजे माधुरीच्या आईला, वाटलं ऊन लागलं. मग त्यांच्या तोंडातून लाळ सुटली, अंगाला घाम, आणि दंडाचं मांस आपोआप फडफडायला लागलं.

महाविद्यालयात फोन आला तेव्हा माधुरी वर्गात होती. आम्ही दोघी मिळेल त्या गाडीने निघालो. तालुक्याच्या दवाखान्यात सहादू खाटेवर होते आणि त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टर विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिन देत होते. बाहेर बाकावर माधुरी माझ्या शेजारी बसली आणि हळू आवाजात सांगायला लागली की दादांच्या नसांच्या टोकाशी आता काय साचतंय, ते कशाने विरघळतं, फवारणीचं औषध ते विरघळणं कसं अडवतं. दरवर्षी ती हे मुलांना शिकवायची. फळ्यावर काढायची तसंच तिचं बोट मांडीवर फिरत होतं. सगळं पाठ होतं आणि त्यातलं काहीएक करता येत नव्हतं. मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण बोलणंही थांबवलं नाही.

सहादू वाचले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते थोडे सावध झाले, तेव्हा माधुरीने एकच विचारलं. "पंप सोडला हुता ना, दादा?"

त्यांचा आवाज घोगरा झाला होता. ते म्हणाले, "आबानं झाड ठिवलं ते तुज्या शब्दावर. शब्द आपल्या घरातला गेला, मंग पंपबी आपल्याच घरातला पायजे हुता."

ती उठून बाहेर गेली. भागिरथीबाई नवऱ्याच्या तोंडावरून ओलं फडकं फिरवत राहिल्या.

त्यांना घरी सोडलं तेव्हा ते स्वतःच्या पायांनी चालत गाडीत बसले. आम्हाला वाटलं, निभावलं. पुढे दोन-तीन आठवड्यांनी त्यांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. मग पावलं. चालताना पाऊल उचललं जाईना, जमिनीवर सपकन पडायला लागलं. चपला आपोआप निसटायच्या आणि त्यांना कळायचंही नाही. नगरला नेलं, पुण्याला नेलं. सगळीकडे एकच सांगितलं, की फवारणीच्या काही औषधांनी काही माणसांना मागाहून असं होतं, नसा सुकतात, यावर इलाज नाही. काहींना थोडं परत येतं. सहादूंना आलं नाही.

आबासाहेब जवळजवळ रोज यायचे. खाटेशेजारी बसायचे, दोघं फारसं बोलायचे नाहीत. एकदा मला वाटेत थांबवून ते म्हणाले, "मी त्याला मार म्हनलो न्हवतो, बाई. पन तो पंप काढताना मी पाहिलं. थांब म्हनाय पायजे हुतं."

त्या रविवारी, वडील दवाखान्यात असतानाच, माधुरी नांदरुकाखाली गेली होती. मी सोबत होते. मावा फांद्यांवर जागच्या जागी वाळून चिकटला होता. तिने सुरीने खरवडून तो बाटलीत घेतला. पुढे सगळ्याच्या काचा केल्या, पण औषधाने आणि उन्हाने त्यांचा भुगा झाला होता, पाय वेगळे, शिंगं वेगळी. नर होता का, काहीच सांगता येत नव्हतं. कुंडीचा प्रयोगही परत लावता आला नाही, कारण सोडायला मूळचा मावाच उरला नव्हता. पुढचे दोन हिवाळे ती त्या झाडाखाली जात राहिली. कोवळी फूट येत होती, पण तिच्यावर काही नव्हतं.

अठ्ठ्याण्णवमध्ये तिने एसटीडीच्या दुकानातून कोलकात्याला फोन लावला. प्राध्यापक आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात वारले होते. त्यांच्या एका विद्यार्थ्याने सांगितलं की तुमच्या दोन काचा इथे जपून ठेवल्या आहेत. त्यांच्यावर प्रजातीचं नाव लिहिलंय, जातीची जागा कोरी आहे. एकच झाड, नर नाही, मूळ वसाहत संपलेली. यावर कुणी नाव देणार नाही, आणि ही वेगळी जात नाहीच, असंही कुणी ठरवू शकणार नाही. तो मुलगा चांगला होता, अदबीने बोलला. फोन ठेवून ती म्हणाली, "ताई, मी चुकले असते तरी चाललं असतं. चुकले का, तेवढं कळायला हवं होतं." तिला वाटायचं, जात खरंच वेगळी असती तर तिचा शब्द खरा ठरला असता आणि दादा उगाच गेले झाडाखाली. वेगळी नसती तर चूक तिची. दोन्हींतलं कुठलं मनाला लावून घ्यावं, हेही तिला ठरवता येत नव्हतं.

आमच्या विभागप्रमुखांनी तिला सुचवलं की नांदरुकाचं प्रकरण गाळून फक्त पेरूवरच्या जातीवर प्रबंध पुरा कर. ते शक्य होतं. तिने तो केला नाही. त्या जूनमध्ये गावाकडच्या एका हायस्कुलात विज्ञानाची जागा निघाली आणि ती निघून गेली. सूक्ष्मदर्शक महाविद्यालयाचा होता, तो तिने पुसून, कापड घालून कपाटात ठेवला. काचांची पेटी नेली की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये मी एका लग्नाच्या निमित्ताने त्या बाजूला गेले आणि तिच्या घरी डोकावले. दुपार होती. माधुरी अजून शाळेतून यायची होती. सहादू अंगणात लिंबाखाली खुर्चीवर बसले होते, पाय समोरच्या विटेवर ठेवलेले. त्यांनी मला लगेच ओळखलं, बायकोला चहा ठेवायला सांगितला. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर ते म्हणाले, "तुमी झाडांच्या मास्तरीन ना? मुळ्या सुकलेलं झाड परत धरतं का कदी?"

मी म्हणाले, कधी कधी धरतं. त्यांनी पायांकडे बघितलं. मीही बघितलं, आणि मग दुसरीकडे.

माधुरी आली ती खांद्याची पिशवी दाराला अडकवतच. मला बघून तिला बरं वाटलं, पण आधी ती वडिलांजवळ गेली. त्यांच्या काखेत हात घालून तिने त्यांना उभं केलं, त्यांचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि परसाकडे न्यायला निघाली. दोघांना चालायची सवय झाली होती. त्यांचं पाऊल पुढे पडलं की ती थांबायची, मग दुसरं. भागिरथीबाईंनी माझ्या हातात चहा दिला आणि पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "ल्येकीनं लगीन करायचं सोडून दिलं. मी बोलत न्हाई आता." चहा गोड होता. मी तो उभ्यानेच प्यायले, कारण संगमनेरची गाडी सुटायला थोडाच वेळ होता, आणि घराच्या मागून ती दोघं परत आली नव्हती.